लाखेचे सहा हात

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी डेव्हिड पाटोळे यांची पांढरी गाडी, राहुरी सोडल्यावर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. कोणालाही इजा झाली नाही. ट्रॉलीतून मागे लोंबणाऱ्या एका उसाचे वाढे बॉनेटवर येऊन टेकले, एवढेच.

गाडीत दोघेच होते, डेव्हिड आणि त्यांची बायको लिडिया. बेलापूरला बहिणीकडे, एस्तेरकडे, दुपारी जेवून ते केडगावला घरी परतत होते. मग लिडियाबाईंनी समोरचा ऊस नीट पाहून घेतला, मांडीवरचा डबा सरळ केला आणि विचारले,

"दिसला नाही?"

"दिवा नाही, लाल कापड नाही. कसा दिसणार?"

"मला दिसला. मी दोनदा ओरडले."

"तू ट्रॉली बघून ओरडलीस की सवयीनं ओरडलीस, हे मला कसं कळावं?"

लिडियाबाई चौतीस वर्षे नर्स होत्या. रोगाचे नाव त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगत. "मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं सांगतेय."

"डोळ्यांना काही झालेलं नाही. गाडीचे दिवे आंधळे झालेत."

यात तथ्य नव्हते असे नाही. गाडी पंधरा वर्षे अंगणात उन्हात उभी होती आणि दोन्ही हेडलाइटांच्या काचांवर जाड साय धरली होती. काचा म्हणायच्या, असते ते प्लास्टिक. दिवे लावले की आतला उजेड आतच घुटमळायचा आणि रस्त्यावर वाटीभर सांडायचा.

घरी पोहोचताच लिडियाबाईंनी चावी काढून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकली आणि झाकण लावले. रात्रीच्या जेवणात बोलणी झाली. मास्तरांनी (डेव्हिड यांना केडगावात सगळे मास्तरच म्हणतात) रविवारपर्यंतची मुदत मागितली. तोवर ते स्वतःच्या हाताने दिवे लख्ख करणार होते. रविवारी अंधार पडल्यावर परीक्षा. चाळीस पावलांवर लिडियाबाईंनी काहीही धरावे, गाडीच्या उजेडात मास्तर ते वाचून दाखवतील.

"वाचलं तर चावी माझी, आणि मोतीबिंदू हा शब्द या घरात पुन्हा निघायचा नाही."

"नाही वाचलं तर?"

"तर सोमवारी तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो."

"आणि चावी?"

मास्तरांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला. "तुझी," ते म्हणाले.

लिडियाबाईंकडे नऊ वर्षांपासून लायसन्स होते. आजवर त्याचा उपयोग ओळखपत्र म्हणूनच झाला होता. मास्तर निवृत्त झाल्यापासून गोळ्यांच्या वेळा, पंख्याचा वेग, कोणत्या नातेवाइकाकडे कधी जायचे, हे सगळे हळूहळू त्यांच्या हातात गेले होते. मास्तरांकडे स्टिअरिंग तेवढे उरले होते.

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मास्तरांनी डाव्या दिव्याभोवती चिकटपट्टी लावली आणि काम सुरू केले. मुलीने, आराधनाने, पुण्याहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. शिवाय कुरिअरने पॉलिश पेपर, पॉलिशची डबी आणि शेवटी मारायचा पारदर्शक लेपाचा स्प्रे. व्हिडिओतला मुलगा कपाळावर टोपी उलटी घालून इंग्रजी-मराठीत भराभर बोलत होता. मास्तरांनी तो दीड मिनिट पाहिला.

"याच्यापेक्षा माझा रंधा वयानं मोठा आहे," ते म्हणाले आणि मोबाईल पालथा ठेवला.

रंध्याची गोष्ट खरी होती. मास्तरांनी मिशनच्या उद्योगशाळेत एकतीस वर्षे सुतारकाम शिकवले होते. पृष्ठभाग गुळगुळीत करणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आधी आठशे नंबरचा पेपर, मग हजारचा, मग दोन हजारचा, मग तीन हजारचा. पाण्यात भिजवून, आधी आडवा, मग उभा. दिव्यावरून पांढरे, दुधासारखे पाणी ओघळू लागले. दर पाच मिनिटांनी मास्तर डोळे मिटत आणि अंगठा फिरवत. खडबड कुठे राहिली आहे ते अंगठ्याला बरोबर सापडे.

सात वाजता शेजारचे राधाकृष्ण दरंदले कुंपणाशी आले. मूळचे सोनईचे, तिथे कांदा-ऊस होता, पण नातवंडांच्या शाळेसाठी मुलगा आणि सून मोनिका यांच्याबरोबर ते केडगावात राहत. मास्तरांच्या गाडीतून आठवड्यातून दोनदा मार्केट यार्डात जायची त्यांना सवय होती, त्यामुळे या प्रकरणात त्यांचे मन गुंतलेले होते.

"मास्तर, एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडं टूथपेस्ट चोळत्यात. धा मिंटात लख्ख. थांबा, आनतो."

ते गेले आणि एक नळी घेऊन आले. मास्तरांनी बोटभर काढून दिव्याच्या कोपऱ्यावर चोळली. फेस आला. आणखी चोळली, आणखी फेस आला. लिडियाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वास घेतला.

"राधाकृष्णभाऊ, ही दाढीची क्रीम आहे."

"व्हय का?" राधाकृष्ण यांनी नळी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. "पोरानं जागा बदलली आसंल."

"आणि तुम्ही गेले आठ दिवस दात कशानं घासताय?"

राधाकृष्ण यांनी जिभेने दात चाचपून पाहिले. लिडियाबाई पुन्हा तांदळाकडे वळल्या.

आठ वाजून दहा मिनिटांनी दोन्ही दिवे उघडे पडले. खरोखर उघडे, आतला बल्ब, त्याच्यामागची चंदेरी वाटी, वाटीत मरून पडलेले एक जुने झुरळसुद्धा दिसू लागले.

"आयला, मास्तर! नव्या नवरीचे डोळे!" राधाकृष्ण दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले. "आता यावर काय मारायचं?"

इथे थांबले असते तर पुढचे काही घडले नसते. पण घासलेले प्लास्टिक तसेच ठेवले तर उन्हाने पुन्हा मळते, त्यावर लेप हवाच, हे त्या टोपीवाल्याचे म्हणणे मास्तरांना मान्य होते. भांडण होते ते लेपाशी. त्यांनी स्प्रेचा डबा हातात घेऊन हलवला, आतली गोळी खडखडली आणि त्यांचे तोंड वाकडे झाले.

"हे पॉलिश आहे की डासांचं औषध? हात न लावता कधी पॉलिश होतं का?"

"मग?"

"लाख," मास्तर म्हणाले. "चर्चचे चव्वेचाळीस बाक मी लाखेनं केलेत. सव्वीस वर्षं झाली, लोक रोज बूड घासतात, एकाची चमक गेली नाही. दिव्यावर कोण बसणार आहे?"

शेडमधून काचेची बरणी निघाली. मास्तरांनी चपडा लाखेचे तपकिरी तुकडे स्पिरिटमध्ये भिजत घातले आणि दोघे नवरा-बायको आंघोळी करून नऊच्या उपासनेला गेले.

चर्चमध्ये ते नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर गीतांच्या क्रमांकांची पाटी होती: लाकडी, तीन खाचांची, खाचेत सरकवायचे पांढरे आकडे. तीही मास्तरांनीच केलेली. आज तिच्यावर एकशे बेचाळीस, सत्तावीस आणि तीनशे आठ असे क्रमांक होते. मास्तरांना तिन्ही गीते पाठ होती. पाळकसाहेबांच्या प्रवचनाच्या वेळी ते मनात हिशेब करत होते, की सहा हात दिले तर पाचपर्यंत वाळतील का. उपासना संपल्यावर लिडियाबाई मागे थांबल्या आणि चर्चची देखभाल करणाऱ्या कल्याणशी काहीतरी बोलत राहिल्या. परतताना रिक्षात त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी चौकोनी आणि एक लहान पेटी होती. मास्तरांनी विचारले नाही. चावी पिठात असल्यापासून ते रिक्षात फारसे बोलत नसत.

साडेअकराला त्यांनी मलमलीच्या फडक्यात कापूस बांधून बोळा केला, लाखेत बुडवला, पिळला आणि पहिला हात फिरवला. लाख लावायला लागले की मास्तरांचा खांदा, कोपर आणि मनगट एकाच माणसाचे वाटत नसत. तिघे मिळून काम करत. लहान गोल, मोठे गोल, मग लांब सरळ हात. कुठे थेंब नाही, कुठे ओघळ नाही. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटे वाळू द्यायचे. तिसऱ्या हातानंतर लिडियाबाई चहा घेऊन आल्या.

"अहो, रंग कसा वाटतोय?"

"रंग कसला? पाणी आहे पाणी. बघ ना."

लिडियाबाईंनी दिव्याकडे पाहिले. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिले, जरा जास्तच वेळ. मग कप बॉनेटवर ठेवला. राधाकृष्ण कुंपणावरून वाकून बघत होते.

"मास्तर, मला जरा हे..."

"राधाकृष्णभाऊ," लिडियाबाई मध्येच म्हणाल्या, "तुमचा चहा आत ठेवलाय. या."

दोघे आत गेले. मास्तरांनी याचा अर्थ शरणागती असा लावला आणि चौथा हात घेतला. राधाकृष्ण बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किट होते आणि चेहऱ्यावर काहीच नव्हते. दिव्यांविषयी त्यांनी त्यानंतर दिवसभर शब्द काढला नाही, ही त्यांच्या बाबतीत असाधारण गोष्ट होती.

संध्याकाळी पावणेसातला कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर परीक्षा झाली. गाडी लिडियाबाईंनी तिथवर आणली. अंतर ऐंशी फूटच होते, पण त्यांच्या शेजारी बसावे लागू नये म्हणून मास्तर चालत आले. पंच म्हणून राधाकृष्ण. चाळीस पावलेही त्यांनीच मोजली.

"ही पावलं नाहीत, ढांगा आहेत," मास्तर म्हणाले. "तुम्ही नांगराच्या मागं चालल्यासारखं चालताय."

"मास्तर, पाऊल माझंच हाय. मी दुसऱ्याचं कुठनं आनू?"

लिडियाबाई तिकडे जाऊन उभ्या राहिल्या. सकाळचीच पांढरी साडी, हातात वर्तमानपत्रातून काढलेली पाटी. मास्तर चालकाच्या जागेवर बसले, पंच शेजारी. मास्तरांनी दिवे लावले.

उजेड पडला. गुरुवारी वाटीभर पडला होता, आज परातभर पडला. त्याबाबत दुमत नाही. मास्तरांनी स्टिअरिंगवर हलकी थाप मारली. नोव्हेंबरातले बारीक किडे कुठून कुठून जमू लागले. बल्ब तापला, त्याच्या उबेने सहावा हात पुन्हा मऊ झाला आणि जे किडे दिव्यावर बसले ते तिथेच राहिले. पाच मिनिटांत उजव्या दिव्याला हनुवटीशी किड्यांची दाढी फुटली.

"वाचा!" लिडियाबाई तिकडून ओरडल्या.

मास्तर पुढे झुकले. समोर पाटी होती. तिच्यावर पांढरे आकडे होते. त्यांना ते दिसत होते, अगदी सकाळी दिसले तसे.

"वरचं एकशे बेचाळीस! मधलं सत्तावीस! खालचं तीनशे आठ!"

"एक नंबर!" राधाकृष्ण यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "तिन्ही बरोबर! सिस्टर, चावी सोडा!"

लिडियाबाई पाटी छातीशी धरून चालत आल्या. थेट दिव्यासमोर येऊन त्यांनी ती उलटवली. पाटीवर पाचशे एकोणीस, सहासष्ट आणि चौऱ्याण्णव होते.

एक किडा उडाला; चिकटला.

"तुम्ही सकाळची उपासना वाचलीत," लिडियाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात विजय नव्हता, तेच मास्तरांना जास्त लागले. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. आकडे त्यांना खरेच दिसले होते.

मग लिडियाबाई पंचांकडे वळल्या. "आणि तुम्हाला काय दिसलं, भाऊ?"

"पाटी हाय, येवढं दिसलं," राधाकृष्ण म्हणाले. "मास्तरांनी इतकं ठासून सांगितलं, म्या म्हनलं, मलाच दिसत न्हाई जनू."

"मग बरोबर कशाला म्हणालात?"

"सिस्टर, मास्तर शिकलेला मानूस. त्यो कशाला चुकीचं वाचंल?"

मास्तर गाडीतून उतरले. अजून एक बाजू त्यांच्याकडे शिल्लक होती आणि ती त्यांनी मांडली. "दिवे दुसऱ्या कोणाकडूनही बघून घे. काम चोख आहे. पाण्यासारखा उजेड आहे."

लिडियाबाईंनी साडीचा पदर उजव्या दिव्यासमोर धरला. "हा कोणत्या रंगाचा?"

"पांढरा. सकाळपासून पांढराच आहे."

"राधाकृष्णभाऊ?"

राधाकृष्ण यांनी एकदा मास्तरांकडे, एकदा पदराकडे पाहिले. "मास्तर, रागावू नका," ते म्हणाले. "हळदीला गेल्यासारखा दिसतोय."

पदराकडे पाहणे मास्तरांनी तेवढ्यावर थांबवले. उद्योगशाळेत एकतीस वर्षे ते पोरांना सांगत आले होते, की सुताराच्या हाताला चूक माफ आहे, रंगाच्या नजरेला नाही. चव्वेचाळीस बाकांपैकी एकाचीही छटा दुसऱ्याहून वेगळी नव्हती. लाख पिवळी असते, हे त्यांच्याइतके नगर जिल्ह्यात कोणाला माहीत असणार? म्हणूनच तर बाकांना मधाचा रंग आला होता. आज सहा हात देताना ती पिवळी आहे हे त्यांना एकदाही दिसले नव्हते, कारण गेली दोन वर्षे सगळेच तसे होते.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारले.

"चहा आणला तेव्हा. बारा वाजून पन्नास मिनिटांनी सुनीलला फोन केला." सुनील म्हणजे लिडियाबाईंचा जुना सहकारी, आता डोळ्यांच्या दवाखान्यात होता. "उद्याचे दोन नंबर लावलेत."

"दोन कशाला?"

"एक तुमचा," लिडियाबाई म्हणाल्या, "आणि एक दाढीच्या क्रीमनं दात घासणाऱ्याचा."

सोमवारी सकाळी साडेआठला गाडी निघाली. लिडियाबाई चालवत होत्या, मास्तर शेजारी होते आणि त्यांचा उजवा पाय दवाखाना येईपर्यंत नसलेला ब्रेक दाबत होता. राधाकृष्ण मागे बसून, सिस्टर गाडी कशी मऊ चालवतात, याचे मोठ्याने कौतुक करत होते. डॉक्टरांनी मास्तरांचे दोन्ही डोळे पाहून उजव्याचे ऑपरेशन बुधवारी आणि डाव्याचे तीन आठवड्यांनी ठरवले. राधाकृष्ण यांचा मोतीबिंदू अजून कच्चा निघाला. त्यांना फक्त चष्मा मिळाला. तो लावून त्यांनी आधी प्रतीक्षागृहातली सगळी पत्रके वाचली, मग मास्तरांकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी लई म्हातारे झालात की."

बुधवारी ऑपरेशन झाले. गुरुवारी पट्टी निघाली. शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, घरात चहा उकळत असताना, मास्तर काळा चष्मा लावून अंगणात आले. गाडीसमोर उभे राहून त्यांनी चष्मा काढला.

आधी त्यांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले. दिवे पाण्यासारखे होते. मग डावा झाकून उजव्याने पाहिले. दिवे चर्चच्या बाकांच्या रंगाचे होते. ते एक पाऊल डावीकडे सरकले आणि पुन्हा पाहिले. डावा, उजवा, डावा. मग मागे वळून त्यांनी उजव्या डोळ्याने स्वतःचे घर पाहिले. ते दोन वर्षांपूर्वी बदामी रंगवले आहे अशी त्यांची समजूत होती. घर पांढरे होते.

शेवटी त्यांनी दोन्ही डोळे मिटले आणि दिव्यावरून अंगठा फिरवला. किड्यांच्या दाढीचा भाग सोडला तर कुठेही खडबड नव्हती.

"अहो, वाकायचं नाही! महिनाभर धूळ नको, पाणी नको!" लिडियाबाई पायरीवर आल्या होत्या. हातात दोन कप होते. "कसं दिसतंय?"

"पॉलिश उत्तम बसलंय."

"आणि रंग?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा लावला. "कोणत्या डोळ्यानं विचारतेस?" ते म्हणाले.

लिडियाबाई हसल्या का, ते त्यांनी कप तोंडाला लावल्यामुळे कळले नाही.

महिनाभर घासायला मनाई असल्याने लाख दिव्यांवर तशीच आहे. स्प्रेचा डबा खिडकीत आहे, सील न फोडलेला. चावी पिठाच्या डब्यातून निघून लिडियाबाईंच्या पर्समध्ये गेली आहे. शुक्रवारी दुपारी कल्याणचा फोन आला. रविवारी उपासनेला पाटी लागेल, ती शनिवारी रात्रीपर्यंत परत द्या, म्हणाला. फोन मास्तरांनी घेतला. पाटी मिळेल, पण शनिवारी संध्याकाळी पावणेसातला तिचे थोडे काम आहे, असे त्यांनी त्याला सांगितले. एका डोळ्याने, असेही सांगितले. कल्याणला ते समजले नाही. राधाकृष्ण यांनी नवा चष्मा पुसून ठेवला आहे. लिडियाबाईंनी अजून हो म्हटलेले नाही. पाटीच्या आकड्यांची पेटी मात्र त्यांनी कपाटात कुलपात ठेवली आहे.